मापात न बसलेले लोक

पहिली गोष्ट, जिना चढताना घाई करू नका. तुम्ही समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४००० मीटरांवर आहात आणि तुमची छाती अजून पुण्या-मुंबईच्या हवेच्या हिशेबाने चालली आहे. चार पायऱ्या झाल्या की थांबा. कठड्याला धरा. वर कोणीतरी हसतंय, ते तुम्हालाच. इथली पोरं पाठीवर पाण्याचं पिंप घेऊन हा जिना पळत चढतात.

साल १४२५. गाव ग्यांत्से, तिबेटच्या त्सांग प्रांतातलं. टेकडीवर किल्ला, पायथ्याशी पाल्खोर चोदे हा मठ, पलीकडे न्यांग नदी आणि तिच्या काठाने सातूची शेतं. मठाचं काम १४१८ मध्ये निघालं. काढणारा इथला राजा, रबतेन कुनझांग फाग. वय छत्तीस, आणि बांधकामाची हौस अशी की गवंडी, सुतार, चितारी यांना वर्षानुवर्षं सुट्टी नाही. ज्या कुंबुम स्तूपासाठी पुढे लोक इथे येतील त्याचा पायासुद्धा अजून पडलेला नाही. त्याला दोन वर्षं अवकाश आहे. तुम्हाला आज बघायचंय ते मुख्य मंदिराच्या वरच्या मजल्यावर आहे. दालनाचं नाव लामद्रे ल्हाखांग. लामद्रे म्हणजे ‘मार्ग आणि फळ’, साक्य परंपरेची मुख्य साधना. या साधनेचा पहिला मानवी गुरू भिंतीवर यायचा आहे, आणि तो एक दारुडा आहे.

आत शिरा. डोळे सरावायला वेळ लागेल. लोण्याच्या दिव्यांचा धूर, सरसाचा वास. सरस कातड्याचा आहे, कोपऱ्यात मंद आचेवर उकळतोय आणि त्याला ओल्या जनावराचा वास येतो. नाक मुरडू नका. रंग भिंतीला धरून ठेवणारा तोच आहे. भिंत कोरडी आहे. ओल्या गिलाव्यात रंग मुरवायची रीत इथे नाही. माती, तिच्यात काड्या-भुसा, वर घोटून गुळगुळीत केलेला पांढरा थर, आणि त्यावर सरसात कालवलेला रंग. अजिंठ्याचा गिलावा कधी जवळून पाहिला असेल तर हे काम तुम्हाला घरचंच वाटेल.

तुमच्या हातात लगेच एक खल-बत्ता येईल. इथे रिकामं कोणी उभं राहत नाही. खलात निळा दगड आहे, अझुराइट. तुम्ही जोर लावून कुटायला लागाल आणि शेजारचा पोरगा तुमचा हात धरेल. हा दगड जितका बारीक कराल तितका फिका होत जातो. जाडसर ठेवला तर रात्रीच्या आभाळासारखा, पीठ केलं तर धुतलेल्या लुगड्यासारखा. म्हणून कुटायचं नाही, पाणी घालून हलक्या हाताने फिरवत राहायचं. मग वाडग्यात निवळू द्यायचं. तळाशी बसतो तो गडद, वर तरंगत राहतो तो फिका. एकाच दगडातून तीन-चार निळे निघतात. हिरव्या मॅलाकाइटचंही तसंच. हिंगूळ मात्र दिवसभर घोटला तरी चालतो, घोटाल तितका तो खुलतो.

आणि तो पिवळा जर्द तुकडा ओळखलात का? हरताळ. आपल्या मराठीत तो फक्त ‘फासण्यापुरता’ उरला आहे. पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला लेखक त्याचा लेप देत, म्हणून एखाद्याच्या कष्टांवर हरताळ फासला असं आपण आजही म्हणतो. इथे तो कोणाचं काही पुसत नाही, इथे तो भगव्या-पिवळ्या वस्त्रांना उजळ करतो. फक्त कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरायची सवय असेल तर आज ती आवरा. हरताळात सोमल आहे.

पोरगा फळीवरच्या म्हाताऱ्याला ‘गेन-ला’ म्हणतो, म्हणजे गुरुजी. तुम्हीही तेच म्हणा. नाव विचारू नका. या गावात चितारी पुढे स्तूपाच्या भिंतींवर आपापली नावं लिहून ठेवतील, ल्हात्सेचा अमुक, नेनयिंगचा तमुक अशी. तिबेटात हे विरळाच, चितारी सहसा नाव मागे ठेवत नाही.

गेन-लांनी सकाळी एक बुद्ध आखून संपवला. ते तुम्ही पाहायला हवं होतं. रंगात भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सट्‌कन सोडायची. आपले सुतार फळीवर सूत मारतात तसं. उभी रेघ, आडव्या रेघा, कर्ण. मग त्या जाळ्यात बुद्ध बसवायचा. बुद्धाची उभी उंची काही ग्रंथांत १२० अंगुळं, कालचक्राच्या परंपरेत १२५. केसांची रेघ कुठे, हनुवटी कुठे, नाभी कुठे, सगळं ठरलेलं. माप चुकलं तर चित्र पूजेला चालत नाही आणि चितारी पापाचा धनी होतो. अशा कामात हाताला मोकळीक किती? कमळाच्या पाकळीच्या टोकाला थोडी, वस्त्राच्या घडीला थोडी.

आता बघा. गेन-ला फळीवर दोन हात पुढे सरकले. भिंतीवर एक उभी रेघ, तीही नावापुरती. दोरी कमरेला खोचून ठेवली. कोळशाचा तुकडा घेतला. आणि त्यांनी सुरुवात कुठून केली?

पोटापासून.

एकच वळण, वरून खाली, न थांबता. सुटलेलं, निवांत, दुपारच्या जेवणानंतरचं पोट. मग मांड्या, एक आडवी घातलेली, एक उभी. दोन्ही गुडघ्यांवरून पाठीमागे जाणारा साधनेचा पट्टा, जो तासन्‌तास बसणाऱ्या योग्याचं अंग सावरतो. छाती रुंद. गळ्यात फुलांची माळ. उजवा हात वर, तर्जनी आभाळाकडे रोखलेली, जणू कोणाला दम भरतोय. डाव्या हातात कवटीचं पात्र. शेवटी चेहरा, आणि चेहऱ्यावर ते डोळे, अजून बुबुळांशिवाय, पण इतके मोठे आणि वटारलेले की पोरगा खल फिरवायचा थांबतो.

हा विरूपा. त्याची कथा सांगणारे अनेक, आणि प्रत्येकाची थोडी वेगळी. अभयदत्ताने बाराव्या शतकाच्या सुमारास चौऱ्याऐंशी सिद्धांच्या कथा एकत्र केल्या, त्यात तो सोमपुरीच्या विहारातला भिक्षू आहे. साक्य मंडळी त्याला नालंदेचा आचार्य धर्मपाल म्हणतात. बारा वर्षं कोट्यवधी जप केला, स्वप्नातसुद्धा काही खूण दिसली नाही. वैतागून जपमाळ शौचकूपात फेकली. आणि माळ फेकल्यावर मग डाकिनी, म्हणजे ज्ञान देणारी देवी, दर्शन द्यायला आली. पुढे त्याचं मद्य-मांस सुरू झालं, विहारातून हकालपट्टी झाली, जाताना तो तळ्यातल्या कमळाच्या पानांवरून चालत गेला. एका गावात गुत्त्यावर बसला आणि उठेचना. कलालीण पैसे मागायला आली. त्याने जमिनीवर रेघ ओढली: सावली या रेघेपाशी आली की देतो. मग सूर्याकडे बोट केलं. सूर्य जागचा हलेना. विरूपा पीत राहिला. शेतं करपायला लागली, गुरं हंबरायला लागली, राजाचे लोक शोध घेत गुत्त्यापर्यंत आले, आणि शेवटी राजाने त्याची उधारी चुकती केली तेव्हा कुठे संध्याकाळ झाली.

ही कथा शेकडो चितारींनी काढली आहे, आणि चांगला कोण हे ठरवायची माझी एक साधी खूण आहे: कलालीण. तुम्हीही या भिंतीसमोर असाल तेव्हा आधी तिच्याकडे बघत जा. कच्च्या हाताचा चितारी सूर्य मोठा काढतो, सोन्याचा, किरणांसकट. चांगला चितारी कलालिणीच्या हातातला घडा किती तिरका आहे यावर वेळ घालवतो. सूर्य थांबलाय हे तिला अजून कळलेलं नाही. तिच्या दृष्टीने हे नेहमीचं गिऱ्हाईक आहे, जरा जास्त झालेलं.

दुपारी गेन-ला खाली उतरतात. भाषेची अडचण या प्रवासात माफ आहे, तेव्हा त्यांचं बोलणं तुम्हाला कळतं. तुम्ही ग्यागरचे, म्हणजे भारतातले, हे पोराने केव्हाच सांगून टाकलंय. ते तुमच्याभोवती एक चक्कर मारतात. हाडांचे दागिने नाहीत, जटा नाहीत. जरा निराश झालेले दिसतात.

“एक विचारू?” ते म्हणतात. “तुमच्याकडे माणसं खरंच अशी उघडीवाघडी बसतात?”

त्यांच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचा झगा आहे, ऋतू उन्हाळ्याचा असून. तुम्ही त्यांना वैशाखातल्या विदर्भाबद्दल सांगा. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, अंगावर सदरा नको होतो, रात्री लोक गच्चीवर पाणी मारून झोपतात. ते लक्ष देऊन ऐकतात. विश्वास बसला की नाही ते चेहऱ्यावर दिसत नाही, पण परत फळीवर चढल्यावर विरूपाच्या छातीवर ते तांबूस रंगाचा आणखी एक पातळ हात देतात.

त्याच्या मागचं झाड कुठलं, हे आता तुम्ही विचारा. पान आंब्याचं वाटतं, फळ डाळिंबाचं, खोड कशाचंच नाही.

“ग्यागरचं झाड,” गेन-ला म्हणतात.

इथे जरा थांबायला हवं. या भिंतीवर दिसतोय तो भारत रंगवणाऱ्यांपैकी कोणी पाहिलेला नाही, आणि खरं तर तो आता शिल्लकही नाही. धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्षू १२३४ ते १२३६ च्या दरम्यान मगधात होता. त्याला नालंदेत मोडके विहार दिसले आणि नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र दिसले, सत्तरेक विद्यार्थ्यांना अजून शिकवणारे. त्यालाही आता दोनशे वर्षं होत आली. पुढच्या वर्षी, १४२६ मध्ये, चटगावचे वनरत्न तिबेटात येतील आणि तिबेटी लोक त्यांना भारतातले शेवटचे पंडित म्हणतील. गेन-लांच्या कुंचल्याखाली आहे तो ऐकीव देश. गरम, दाट, उघड्या अंगाचा, जिथे सरस्वतीचे पंडित आणि गुत्त्यावरचे जोगी एकाच रस्त्याने जातात. आपण आपल्या देशाचं असं चित्र काढलं असतं का, याची मला शंका आहे. आपण पंडितच काढले असते.

संध्याकाळी गेन-ला तुम्हाला घरी नेतात. शेणीवर तापलेली चूल, सत्तूचं पीठ लोण्याच्या चहात मळून केलेला गोळा, आणि छांग, सातूची आंबट बिअर. दुसऱ्या वाडग्याला नाही म्हणता येत नाही. तिसऱ्याला म्हणा.

कोपऱ्यात लाकडी चौकट आहे, तिच्यात दोऱ्यांनी ताणलेलं सुती कापड. हा थांका, गुंडाळून नेता येणारं चित्र. कापडाला सरस आणि पांढऱ्या मातीचा लेप दिलाय, आणि गुळगुळीत दगडाने ते इतकं घोटलंय की बोट फिरवलं तर कापड वाटतच नाही, अंड्याचं कवच वाटतं. त्यावर सिद्धांची गर्दी. काही रंगवून झालेले, काहींची नुसती शाईची रेघ.

दिवा जवळ न्या. फार जवळ नको.

डावीकडे पाणी आहे आणि पाण्यात एक मासा, होडीएवढा. त्याच्या पोटात एक माणूस मांडी घालून बसलाय. वर काठाशी महादेव आणि उमा. महादेव गुप्त ज्ञान सांगतोय, उमेला डुलकी लागली आहे. ‘ऐकतेस ना?’ असं विचारल्यावर हुंकार आला तो माशाच्या पोटातून. हा मीनपा. बारा वर्षं माशात राहिला, मग मासा जाळ्यात आला, पोट चिरलं आणि बाहेर सिद्ध निघाला.

तुमच्या घरी श्रावणात नवनाथांची पोथी लागत असेल, तर आता तुमच्या हातातला वाडगा हलेल. धुंडीसुत मालू कवीच्या चाळीस अध्यायांच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथ असाच माशाच्या पोटातून उपदेश ऐकतो. ती पोथी या रात्रीनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी लिहिली जाईल. मीनपा आणि मत्स्येंद्र एकच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या गुरूपासून गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव अशी ओळ आपण लहानपणी पाठ केली, तो इथे ४००० मीटरांवर, शेणीच्या धुरात, निळ्या पाण्यात बसलाय. पाणी तुम्हीच दुपारी वाटलेल्या दगडाचं असू शकेल.

आणि त्याच्या खाली बघा. हे मला सगळ्या सिद्धचित्रांत जास्त भिडलेलं प्रकरण आहे. झाडाखाली एक माणूस टेकवून ठेवलाय, हात नाहीत, पाय नाहीत. समोर एक गुराखी पोरगा उकिडवा बसून त्याला भरवतोय. मागे गाई. भरवणारा गोरक्ष, भरवून घेणारा चौरंगी. सावत्र आईने आळ घेतला, राजाने मुलाचे हातपाय तोडायला लावले, रानात टाकलं. एका योग्याने गुराख्याला विचारलं, याला सांभाळशील? त्याने बारा वर्षं स्वतःच्या वाट्याचं अर्धं अन्न दिलं, झोपडं बांधलं, घाण काढली. शेवटी चौरंगीचे हातपाय पुन्हा फुटले. मराठी पोथीत तपशील वेगळे, पण आळ तोच, तोडलेले हातपाय तेच आणि गोरक्षही तोच.

चमत्कार हातपाय फुटण्याचा. तरी या चितारीने फुटलेले हातपाय काढलेले नाहीत. त्याने घास काढलाय. पोरग्याची बोटं आणि त्या माणसाचे ओठ यांच्यामध्ये सुताभर अंतर आहे आणि त्या अंतरात काही नाही, कोरं कापड. बुद्धासाठी दोरी धरून बसलेल्या माणसाच्या हाताला असं काही काढायची संधी कधी मिळणार? सिद्धांच्या चित्रात मिळते, कारण सिद्धांचं माप कुठल्या ग्रंथात इतकं बांधून दिलेलं नाही. माणसासारखं दिसलं पाहिजे आणि हातात ज्याची त्याची खूण पाहिजे, एवढंच. सरहाच्या हातात बाण, कुक्कुरीपाच्या मांडीवर कुत्री, लुईपाजवळ माशाची आतडी. बाकी चितारीचं.

आणि ही मंडळी तरी कोण? चामारीपा चांभार, तंतिपा विणकर, कुंभारीपा कुंभार. एक धोबी आहे, एक जुगारी, एक चोर. ठगनपा तर पक्का खोटारडा. त्याला गुरूने सांगितलं की कानात गेलेलं पाणी कानात आणखी पाणी घालून काढतात, तेव्हा तू सगळं जगच खोटं आहे असं ध्यान कर. चौऱ्याऐंशींत बायका चारच आहेत. त्यातल्या मेखला आणि कनखला या बहिणी स्वतःची मुंडकी हातात घेऊन नाचतात. त्यांचा गुरू कान्हपा. हा कान्हपा म्हणजे मढीचा आपला कानिफनाथ, असं मानणारे अभ्यासक आहेत. धंद्यांची ही यादी वाचताना गोरा, सावता, सेना, चोखा ही नावं तुमच्या ओठांवर आली तर त्यात नवल नाही. मात्र तिबेटी चितारीला ती ठाऊक नाहीत, तेव्हा त्याच्यावर लादू नका.

थांक्याच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवट माणूस आहे. बाकीच्यांसारखा तांबूस नाही. हा इथलाच, मिलारेपा, तीनशे वर्षांपूर्वीचा. तरुणपणी जादूटोण्याने नातलगांचं घर पाडून माणसं मारली, मग मार्पा या गुरूच्या दारात पडला. मार्पाने त्याच्याकडून मनोरे बांधून घेतले आणि पाडून घेतले. पुढे गुहेत राहिला आणि वर्षानुवर्षं अंगाला लागलं की आग होणारा रानपाला शिजवून खाल्ला, त्याने कातडी हिरवी झाली. अंगावर एकच सुती कापड. ‘रेपा’ म्हणजे सुती वस्त्रवाला. उजवा हात कानामागे. तिबेटी मंडळी सांगतात की तो गातोय. तुम्हाला सांगावं लागणार नाही. पोवाड्याला उभा राहिलेला शाहीर पाहिलाय ना? हात तिथेच असतो. त्याचं आज जगभर वाचलं जाणारं चरित्र १४८८ मध्ये लिहिलं जाईल, त्सांगन्योन हेरुकाकडून. त्या नावाचा अर्थच ‘त्सांगचा वेडा’.

सकाळी निघण्याआधी पुन्हा वरच्या दालनात डोकावून जा. विरूपाला शेवटचा हात द्यायचाय. डोळे नेहमी अखेरीस भरतात, आणि गेन-लांनी त्यासाठी तोंड धुतलंय, झगा झटकलाय. बारीकात बारीक कुंचला. पोरगा खल बाजूला ठेवतो. डाव्या डोळ्यात काळा ठिपका, मग उजव्या. आत्तापर्यंत तुम्ही भिंतीकडे बघत होतात. आता भिंत तुमच्याकडे बघतेय, आणि तिचं बोट अजून सूर्यावर आहे.

इथून तीनशे एक वर्षं पुढे, आणि पूर्वेला, खाम प्रांतात देर्गेला चला. साल १७२६. इथे फार थांबायचं नाही, एकच चित्र बघायचं. चितारी कोणी धंदेवाईक नाही. सितु पंचेन छोक्यी जुङ्ने, वय सव्वीस, मोठा लामा, व्याकरणकार, वैद्य, दोन-तीन वर्षांपूर्वी नेपाळला जाऊन आलेला. काही वर्षांतच तो कांग्यूर या बौद्ध ग्रंथसंग्रहाच्या देर्गे आवृत्तीचं संपादन करील. सध्या तो आठ सिद्धांची चित्रं स्वतःच्या हाताने रंगवतोय आणि ती देर्गेचा राजा तेन्पा त्सेरिंग याला भेट देणार आहे. ग्यांत्सेच्या भिंतीवर बोटभर जागा रिकामी नव्हती. इथे अर्धंअधिक कापड मोकळं. पातळ हिरवे-निळे डोंगर, विरत जाणारं धुकं, चिनी चित्रांकडून शिकलेली हवा. आणि त्या हवेतून एक वाघ येतोय.

वाघावर डोंबी हेरुक. मगधाचा राजा, विरूपाचाच शिष्य. डोंब जातीच्या मुलीला त्याने साधनेची सोबतीण केली, प्रजेला कळलं, गादी सोडून रानात जावं लागलं. बारा वर्षांनी राज्य विस्कटलं तेव्हा लोक त्याला बोलवायला गेले, आणि तो आला तो वाघिणीवर बसून, शेजारी तीच बाई, हातात चाबूक म्हणून जिवंत साप.

तुम्ही इथेही एकदम ‘चांगदेव!’ म्हणणार, आणि सितु पंचेन कुंचला खाली ठेवून विचारणार, कोण? मग त्यांना सांगा. चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसून, सापाचा चाबूक करून आळंदीला निघाला. समोर चार भावंडं भिंतीवर बसली होती, त्यांनी भिंतच चालवली. कोणाचं कोणाकडून आलं हा वाद इथे काढू नका, सूफी पिरांच्या कथांतही हा वाघ, हा साप आणि ही चालती भिंत फिरत असते. फरक तेवढा त्यांना सांगा: देर्गेच्या चित्रात वाघावरचा माणूस जिंकून परत येतोय. आपल्याकडे वाघावरचा माणूस हरतो, वाघावरून उतरतो, आणि मुक्ताबाईचा शिष्य होतो. माझं मत विचाराल तर वाघ सितु पंचेनचा चांगला आणि शेवट आपला.

परत या. आता काळात मागे जायची गरज नाही, पासपोर्टही नको. लडाखमध्ये लेहपासून साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटरांवर, सिंधूकाठी अलची गावात सुमत्सेक नावाचं तीन मजली मंदिर आहे. बहुतेक अभ्यासक ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं मानतात, म्हणजे ग्यांत्सेच्या त्या भिंतीहून दोनशे वर्षं जुनं. आत तीन कोनाड्यांत तीन प्रचंड मातीच्या मूर्ती आहेत. त्यातल्या मंजुश्री या बोधिसत्त्वाच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध रंगवलेले आहेत, प्रत्येक जण आपापल्या चौकटीत. आत अंधार असतो आणि फोटो काढायला मनाई आहे. बॅटरी घेऊन जा, भिंतींवरून प्रकाश सांभाळून फिरवा, आणि देवाच्या चेहऱ्याकडे बघून परत फिरू नका. गुडघ्यांवर बसा, धोतर बघा.